भिंतीतलं वायरिंग तपासायचं कोणी आणि कधी?

उघडी_भिंत

नमस्कार. लांबलचक लिहितोय पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच सांगतो.

आम्ही जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. सात मजले, बांधून वीसेक वर्षं झालेली. बेडरूममधलं भिंतीला ठोकलेलं लाकडी कपाट काढलं तर मागे गिलाव्यावर ताटाएवढा तपकिरी डाग. मला वाटलं ओल आहे, म्हणून प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला हात लावला आणि म्हणाला साहेब भिंत कोरडी ठणठणीत आहे आणि कोमट लागतेय, हे माझं काम नाही, आधी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. त्या माणसाचे आमच्यावर उपकार आहेत, त्याने ओल म्हणून काहीतरी थापून दिलं असतं तरी मला कळलं नसतं.

वायरमनने गिलावा फोडला. आत पाईप अर्ध्यातच संपलेला, पुढे वायर तशीच सिमेंटात दाबलेली आणि गीझरच्या लाईनला मधेच जॉइंट, जॉइंट म्हणजे काय तर दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप, एक तांब्याची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. टेपचा कोळसा झालेला. इन्सुलेशन बोट लावलं की वाळक्या पानासारखं तुटत होतं. कपाटाची मागची प्लाय तिथून चार बोटांवर. आधीच्या मालकांना फोन केला तेव्हा कळलं की त्या कपाटाला टेकून त्यांच्या मुलीचा पलंग होता, 9 वर्षं. हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

नंतर नगरपालिकेत जाऊन इमारतीची फाईल मागितली. फाईलमध्ये वायरिंगबद्दल एकच कागद निघाला, ‘काम नियमानुसार पूर्ण केले’ आणि खाली कंत्राटदाराची सही. कोणी येऊन बघितल्याचा शेरा नाही, टेस्टचा एकही आकडा नाही. आणि तो जॉइंट त्याच कंत्राटदाराच्या माणसांनी केला की नंतर कोणी घुसडला हेही आता सांगता येत नाही.

तर मला विचारायचंय की भिंतीच्या आतलं वायरिंग बघायची जबाबदारी नक्की कोणाची असते, नगरपालिकेची, वीज कंपनीची, बिल्डरची की माझी? आणि इतकी वर्षं तापत असताना एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) एकदाही का पडला नाही?

---

तारवाला

दादा, पहिलं सांगतो, ती लाईन डीबीमधून (सगळे एमसीबी असतात त्या डब्यातून) सोडवून ठेवा, नुसता एमसीबी खाली करून ठेवू नका, घरात येणारा जाणारा कोणी तरी वर करतोच.

आता तुमचा एमसीबीचा प्रश्न. मी 26 वर्षं हे काम करतोय आणि आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी हे विचारतंच. एमसीबी फक्त करंट मोजतो, जॉइंट किती तापलाय हे त्याला कळायचं काही साधनच नाही. हिशोब करून बघा. 3 किलोवॅटचा गीझर म्हणजे 13 अँपिअर. तुमच्या त्या पिळलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स समजा 0.15 ओहम झाला, म्हणजे काहीच नाही, साध्या मीटरवर नीट दिसणारसुद्धा नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, 13 गुणिले 13 गुणिले 0.15 म्हणजे 25 वॅट. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं बघा, ते कथील वितळवतं. तेवढी उष्णता करंगळीच्या पेराएवढ्या जागेत, गिलाव्यात कोंडलेली, गीझर चालू असेपर्यंत रोज. गीझरला व्होल्टेज कमी मिळालं ते फक्त 2 व्होल्ट, पाणी नेहमीसारखंच तापणार, आणि करंट वाढायच्या ऐवजी किंचित कमीच होणार. मग एमसीबी पडेल कशाला?

त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत ऑक्साईडचा थर बसतो, तो वीज नीट वाहू देत नाही. तापलं की ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं, शिवाय दाबाखाली हळूहळू चपटं होत जातं. म्हणजे रोज थोडं थोडं ढिलं. ढिलं झालं की जास्त तापतं, जास्त तापलं की आणखी ढिलं.

---

वाचनमात्र

आरसीसीबी असता तर पडला असता का? आमच्याकडे बसवलाय आणि मी निर्धास्त होते, आता हे वाचून पोटात गोळा आलाय.

---

तारवाला

ताई, या जॉइंटला नसता पडला. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतोय की मधे कुठे गळतोय एवढंच आरसीसीबी बघतो. 30 मिलीअँपिअर गळला की तोडतो, आणि माणसाला शॉक बसताना जीव वाचवणारी तीच वस्तू आहे, तेव्हा ती असायलाच हवी. पण इथे गळती नव्हती, सगळा करंट त्या जॉइंटमधूनच जात होता आणि तसाच परत येत होता. इन्सुलेशन पूर्ण जळून वायर ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकली असती तेव्हा कदाचित पडला असता, तोपर्यंत प्लाय पेटलेली असती.

स्पार्किंग ओळखणारा वेगळा ब्रेकर असतो, अमेरिकेच्या नियमावलीत 1999 मध्ये त्याचा समावेश झाला आणि बेडरूमच्या सर्किटला 2002 पासून तो घालायला लावला. पण त्यालाही ठिणगी लागते, नुसता तापलेला जॉइंट त्यालाही कळेलच असं नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की डीबीत काय काय बसवलंय त्यापेक्षा जॉइंट कुठे आहेत ते विचारा. जॉइंट दिसेल अशा डब्यात हवा आणि डब्याचं झाकण उघडता यायला हवं. भिंतीत गाडलेला जॉइंट कितीही चांगला केला असला तरी मी तो पास म्हणणार नाही.

---

निवृत्त_निरीक्षक

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात वायरिंग तपासणीचं काम 31 वर्षं केलं, आता घरी असतो. कुठल्या शहरात ते सांगत नाही, कारण ही पद्धत थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी अशीच आहे.

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. साधारणपणे तांत्रिक नियम देशपातळीवर लिहिले जातात, पण नियमावली हा नुसता कागद असतो. एखाद्या राज्याने किंवा नगरपालिकेने ती आपल्या कायद्यात घेतली आणि तपासायला माणूस नेमला की तिला दात येतात. वीज कंपनी मीटरपर्यंत बघते, त्यापुढे तिचा संबंध बहुतेक ठिकाणी संपतो. काम केल्याची जबाबदारी परवानाधारक कंत्राटदाराची, इमारत नीट ठेवायची मालकाची, आणि या दोघांनी ते केलंय की नाही हे बघायची नगरपालिकेची किंवा सरकारी विद्युत निरीक्षकाची. म्हणजे चार जण आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या तिघांनी बघितलं असेल.

तपासणीच्या किमान दोन फेऱ्या असतात. दुसरी सगळ्यांना माहीत असते, बोर्ड बसले, दिवे लागले, साहेब आले, मीटर लावून बघितलं, सही केली. पहिली फेरी पाईप टाकून वायरी ओढल्यावर आणि गिलावा व्हायच्या आधी. माझ्या सगळ्या नोकरीत मी जे काही खरं काम केलं ते त्या पहिल्या फेरीत. तेव्हा पाईप सलग आहे की मधेच सोडलाय ते दिसतं, पाईपच्या पोकळीचा साधारण 40 टक्क्यांहून जास्त भाग वायरींनी भरलाय का ते दिसतं, वायरीची जाडी तिच्यावर छापलेली असते ती वाचता येते, अर्थची वायर प्रत्येक डब्यापर्यंत गेलीय का ते बोटाने मोजता येतं. गिलावा झाला की यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याच यंत्राने कळत नाही. तुमचा जॉइंट नवा असताना दुसऱ्या फेरीतल्या सगळ्या टेस्ट पास झाला असता हो. कंटिन्युटी (वायर सलग आहे का) बरोबर, इन्सुलेशन बरोबर, पोलॅरिटी (फेज न्यूट्रल उलट नाहीत ना) बरोबर, गीझर चालू. पहिल्या फेरीत मात्र नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या मिनिटात सापडला असता.

आणि हीच फेरी सगळ्यात आधी गाळली जाते. गिलाव्याचे मजूर उभे असतात, बिल्डरचा फोन येतो की साहेब आज नाही आलात तर काम अडेल, फोटो पाठवतो चालेल का. मी फोटोवर कधी सही केली नाही. फोटो काढणारा त्याला दाखवायचंय तेच दाखवतो. त्यावरून माझं दोन वेळा वरिष्ठांशी भांडण झालं, एकदा बदलीही झाली.

माझ्या पहिल्या साहेबांनी मला एक गोष्ट सांगितली होती ती लिहितो. ते म्हणायचे, त्या जागेवर बिल्डर हजर असतो, कंत्राटदार हजर असतो, घर घेणारा कधी कधी येऊन जातो, पण वीस वर्षांनी त्या खोलीत जो कोणी झोपणार आहे त्याच्या बाजूने तिथे कोणीच उभं नसतं, त्याच्या बाजूने आपण उभं राहायचं. तुम्ही त्या मुलीच्या पलंगाचं लिहिलंत आणि मला तेच आठवलं.

---

सरळरेषा

काकांबद्दल आदर आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी लहान बांधकामं करतो. निरीक्षकाची वाट बघत 11 दिवस काम थांबलंय असं माझ्या बाबतीत झालंय, आणि एवढं करून आलेल्या माणसाने गाडीतून न उतरता सही केली. पुढच्या वेळी काय हवंय तेही सूचकपणे सांगितलं. काकांसारखी माणसं सगळीकडे असती तर वाद नव्हता, पण नियम करताना सगळे काका आहेत असं धरून चालत नाही. जास्त तपासणी म्हणजे जास्त खिडक्या आणि प्रत्येक खिडकीवर एक हात.

त्यापेक्षा ज्याने काम केलं त्यालाच स्वतःच्या नावाने दाखला द्यायला लावा आणि चूक निघाली तर परवाना काढून घ्या. इंग्लंडमध्ये 2005 पासून असंच काहीसं आहे ना, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन असेल तर तो स्वतःच कामाचा दाखला देतो आणि स्थानिक कौन्सिलला कळवलं जातं, नोंदणी नसेल तर मात्र आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. 2013 मध्ये तर त्यांनी कळवायच्या कामांची यादी आणखी कमी केली. तिकडे काही घरं धडाधड पेटत नाहीयेत.

---

निवृत्त_निरीक्षक

तुमचा राग मी समजू शकतो आणि गाडीतून सही करणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, नाकारत नाही. इंग्लंडच्या पद्धतीलाही माझा विरोध नाही. फक्त तिथे त्या नोंदणीच्या मागे एक संस्था असते, ती दरवर्षी त्या इलेक्ट्रिशियनने केलेल्या कामांपैकी काही स्वतः जाऊन बघते आणि दाखल्यावर टेस्टचे आकडे भरावे लागतात. धागाकर्त्यांच्या फाईलमध्ये जो कागद निघाला तोही स्वतःच दिलेला दाखलाच आहे, फक्त मागे बघणारा कोणी नाही आणि आकडा एकही नाही. वीस वर्षांनी जॉइंट सापडल्यावर परवाना कोणाचा काढणार, ती फर्म तरी शिल्लक आहे का?

---

उघडी_भिंत

नाही. पत्त्यावर दुसरंच ऑफिस आहे.

---

जुनी_कात्रणं

या विषयाचा इतिहास मला फार आवडतो म्हणून थोडं लिहिते. वायरिंगचे नियम सुरुवातीला ना सरकारने केले ना नगरपालिकेने. लंडनमध्ये इंजिनिअरांच्या संस्थेने 1882 मध्ये विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळायचे नियम छापले, काही पानांचीच पुस्तिका होती, आज ब्रिटनमध्ये वापरतात ती नियमावली म्हणजे त्याच पुस्तिकेची 18 वी आवृत्ती.

अमेरिकेत सगळ्यात जास्त धसका विमा कंपन्यांनी घेतला होता. 1893 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, लाखभर दिवे, सगळे इमले लाकूड आणि प्लास्टरचे. तिथलं वायरिंग बघायला विमावाल्यांनी विल्यम मेरिल नावाचा 25 वर्षांचा इंजिनिअर आणला. त्याने पुढच्याच वर्षी एक छोटी प्रयोगशाळा काढली, तीच पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज झाली, आज तारांवर आणि प्लगवर ‘यूएल’ असा शिक्का दिसतो ना तो त्यांचा. त्या काळात तिथे एकाच वेळी पाच वेगवेगळ्या नियमावल्या चालू होत्या, एका शहरात पास झालेलं काम दुसरीकडे नापास. मग सगळ्यांनी एकत्र बसून 1897 मध्ये एकच राष्ट्रीय नियमावली काढली, ती आता दर तीन वर्षांनी सुधारतात.

पण तीसुद्धा आपोआप लागू होत नाही, काकांनी लिहिलंय तसं प्रत्येक राज्याने, काही ठिकाणी प्रत्येक शहराने, ती स्वीकारावी लागते, आणि शहरं त्यात स्वतःची भर घालतात. शिकागोत आजही घरातलं वायरिंगसुद्धा धातूच्या पाईपातूनच घ्यावं लागतं, बाकी बऱ्याच अमेरिकेत तशी सक्ती नाही. खर्च जास्त येतो म्हणून तिथले बांधकामवाले कुरकुरतात, पण पाईप असला की पन्नास वर्षांनी भिंत न फोडता जुनी वायर ओढून नवी टाकता येते. मला तरी ती भर शहाणपणाची वाटते.

अ‍ॅल्युमिनियमचंही सांगते. 1965 ते 1973 च्या सुमारास तांबं महाग झालं म्हणून अमेरिकेत लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी घातल्या, नियमात बसत होतं सगळं. एप्रिल 1974 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज इथे एका घराला आग लागून दोघं गेली, सॉकेटमागचं अ‍ॅल्युमिनियमचं कनेक्शन कारण निघालं. नंतर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने करवून घेतलेल्या पाहणीत दिसलं की 1972 च्या आधीच्या अशा घरांत कनेक्शन आग लागण्याइतकं तापायची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा 55 पट आहे. म्हणजे तपासणी झालेली, पास झालेली घरं होती ही. नियमच तेव्हा अपुरा होता.

---

नकाशा

जुनी_कात्रणं यांच्या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचंय, मी आर्किटेक्ट आहे. नवीन नियम जुन्या इमारतीला लागू होत नाही ही बहुतेक सगळ्या देशांतली रीत आहे. बांधताना जो नियम होता त्यानुसार काम असेल तर ते कायदेशीर, पुढे नियम कितीही बदलो. उदाहरणच द्यायचं तर शॉकपासून वाचवणारं गळती-ब्रेकर अमेरिकेत 1971 मध्ये घराबाहेरच्या सॉकेटांना आणि 1975 मध्ये बाथरूमला सक्तीचं झालं, पण 1970 मध्ये बांधलेल्या घराच्या बाथरूममध्ये ते बसवून घ्यायला कोणी सांगायला येत नाही, मोठी दुरुस्ती काढली तरच.

यामागचं कारण मला पटतं, दर तीन वर्षांनी लोकांना घरं उकरायला लावता येणार नाहीत. पण वापर कुठे पूर्वीसारखा राहिलाय? वीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमध्ये मी एका फ्लॅटला जो लोड धरत होते त्यात एक एसी असायचा, आता प्रत्येक खोलीत एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन, आणि खाली पार्किंगमध्ये गाडी रात्रभर चार्जिंगला. वायरी त्याच. पीव्हीसी इन्सुलेशन साधारण 70 अंश तापमानाला धरून केलेलं असतं, त्याच्या वर 10-10 अंश चढत गेलात की आयुष्य साधारण निम्मं निम्मं होतं. बाहेरून काही दिसत नाही. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून कोणीतरी 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवतं, वायर मात्र तीच दीड चौरस मिमीची, मग एमसीबी पडत नाही आणि सगळे खूश. मी आत गेल्यावर सगळ्यात आधी एमसीबीचा आकडा आणि त्याखालची वायर जुळतेय का तेच बघते.

---

भाड्याची_खोली

मी भाडेकरू आहे. घरमालकाला तीनदा सांगितलं की किचनमधला बोर्ड गरम होतो, त्याने प्रत्येक वेळी नवीन बोर्ड बसवला, मागे काय आहे ते बघू दिलं नाही. इथे सगळे मालक बोलताय, पण ज्याला भिंत फोडायचा अधिकारच नाही त्याने काय करायचं?

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांसाठी 2020 मध्ये कायदा आला, निदान दर 5 वर्षांनी जाणकार माणसाकडून वायरिंग तपासून रिपोर्ट घ्यायचा आणि त्याची प्रत 28 दिवसांत भाडेकरूला द्यायची. रिपोर्टमध्ये सी1 म्हणजे आत्ता धोका आहे, सी2 म्हणजे धोका होऊ शकतो, ते आलं तर 28 दिवसांत दुरुस्ती, सी1 ला तर त्याहून लवकर. मालकाने नाही केलं तर स्थानिक कौन्सिल नोटीस देतं, स्वतः माणसं लावून करून घेऊ शकतं आणि दंडही करतं. म्हणजे कौन्सिलने प्रत्येक घरात शिरायची गरजच नाही, कागद मागायचा अधिकार आणि ऐकलं नाही तर कारवाईचा अधिकार एवढं हातात असलं तरी पुरतं. मला तरी सरळरेषा आणि काका यांच्या भांडणातला मधला मार्ग हाच दिसतो.

---

निवृत्त_निरीक्षक

फार नेमकं लिहिलंत. आणि बोर्ड गरम होतोय ते सोडू नका. लेखी कळवा, तारीख टाकून, फोटोसह, एक प्रत नगरपालिकेच्या बांधकाम आणि अग्निशमन दोन्ही विभागांना. तोंडी तक्रारीवर कोणी हलत नाही, लेखी तक्रार फाईलला लागली की ती दाबून ठेवणाऱ्याला पुढे उत्तर द्यावं लागतं.

ओकलंडची घटना आठवते. कॅलिफोर्नियात, 2 डिसेंबर 2016 च्या रात्री घोस्ट शिप नावाने ओळखलं जाणारं गोदाम जळालं, 36 जण गेले, बहुतेक तरुण मुलं. गोदामात लोक बेकायदा राहत होते, वीज शेजारच्या दुकानातून घेतलेली आणि पुढे एक्स्टेन्शनच्या तारांचं जाळं. आगीचं कारण अधिकृतपणे ठरवता आलं नाही, सगळंच जळालं होतं, पण वायरिंगवर संशय होता. मला हलवून गेलं ते वेगळंच. शेजारच्यांच्या तक्रारी होत्या, पोलीस येऊन गेले होते, अग्निशमनवाले येऊन गेले होते आणि एवढं असून इमारतीची आतून रीतसर तपासणी अनेक वर्षांत झालेलीच नव्हती. 2020 मध्ये शहराने पीडितांना मिळून 3 कोटी 27 लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. माझ्या जुन्या विभागातल्या मुलांना मी ही केस वाचायला लावली होती.

---

सरळरेषा

हे वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. पहिली फेरी, म्हणजे गिलाव्याआधीची, ती झालीच पाहिजे हे मान्य. पण मग नगरपालिकेनेही वेळेची हमी द्यावी, अर्ज केल्यापासून दोन दिवसांत माणूस आला नाही तर पॅनेलवरच्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्यायची मुभा हवी. आणि निरीक्षकानेही आकडे आणि सापडलेल्या चुका लिहाव्यात, नुसती सही नको. ज्याच्या शंभर तपासण्यांत एकही चूक सापडत नाही त्याचीच चौकशी करा.

---

निवृत्त_निरीक्षक

पूर्ण सहमत. शेवटचं वाक्य तर कार्यालयात लावून ठेवावं असं आहे.

---

उघडी_भिंत

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी पुढची हकीकत.

परवानाधारक माणसाकडून पूर्ण फ्लॅटचं मेगर, म्हणजे इन्सुलेशनची टेस्ट, करून घेतलं, 500 व्होल्ट डीसीने. निदान 1 मेगाओहम यायला हवं, नवीन वायरिंगला शेकड्यांनी येतं म्हणे. आमच्या दोन सर्किटना 200 च्या वर, हॉलच्या एका सर्किटला 0.4 आणि गीझरची लाईन तर बंदच. सगळ्या सॉकेटांपैकी पाच ठिकाणी अर्थची वायर बोर्डापर्यंत आलेली पण स्क्रूला लावलेलीच नाही, बोर्डामागे गुंडाळून ठेवलेली. दोन ठिकाणी फेज न्यूट्रल उलट. एवढं सगळं एका फ्लॅटमध्ये असेल तर वरखालच्या 27 फ्लॅटमध्ये काय असेल म्हणून मीटर रूम बघायला गेलो. तिथे न्यूट्रलच्या पट्टीचा रंग काळपट पडलाय आणि एक लग (वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) हाताने हलतोय (हात लावला नाही मी, वायरमनने इन्सुलेटेड अवजाराने दाखवलं). हे कितपत गंभीर आहे?

---

तारवाला

दादा हे सगळ्यात गंभीर आहे, जॉइंटपेक्षासुद्धा. आजच वीज कंपनीला आणि इमारतीच्या समितीला लेखी कळवा. थ्री फेज इमारतीत फ्लॅट तीन फेजमध्ये वाटलेले असतात आणि सगळ्यांचा परतीचा रस्ता त्या एका न्यूट्रलमधून असतो. तो सुटला की करंट एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमधून वाट काढतो, दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात ते दोन्हीकडच्या लोडप्रमाणे वाटले जातात, ज्याच्या घरात लोड कमी त्याच्याकडे 300 च्या वर जाऊ शकतात. टीव्ही, फ्रीज, चार्जर एका झटक्यात जातात, आणि चार्जर फुटून पडद्याला आग लागलेली मी बघितलीय. एमसीबी इथेही गप्प. मीटर रूमचे सगळे लग वर्षातून एकदा सप्लाय बंद करून कसायचे आणि लोड असताना थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढायचा, तापलेला जॉइंट त्यात चकाकतो.

आणि शाफ्ट बघितलात का? मीटर रूममधून वर जाणाऱ्या केबल प्रत्येक स्लॅबमधून जातात ती भोकं बुजवलेली हवीत. उघडी असली की खाली लागलेल्या आगीचा धूर सातव्या मजल्यावर दोन मिनिटांत.

---

उघडी_भिंत

उघडी आहेत. सगळ्या मजल्यांवर.

---

वाचनमात्र

एकदा बांधताना तपासलं आणि संपलं असं का असतं सगळीकडे? गाडीची तपासणी ठरावीक वर्षांनी होते, लिफ्टची होते.

---

जुनी_कात्रणं

सगळीकडे असं नाही. जपानमध्ये घरगुती वायरिंगची गळती तपासायला निदान 4 वर्षांतून एकदा माणूस घरी येतो, कायद्यानेच ठरलंय. फ्रान्समध्ये 15 वर्षांहून जुनं वायरिंग असेल तर घर विकताना तपासणीचा अहवाल जोडावा लागतो, घेणाऱ्याला निदान कळतं आपण काय घेतोय. दक्षिण आफ्रिकेत घर दुसऱ्याच्या नावावर करताना वायरिंगचा दाखला लागतो आणि तो 2 वर्षांपेक्षा जुना चालत नाही. धागाकर्त्यांनी फ्लॅट घेताना यातलं काहीही मागितलं गेलं असतं तर तो 0.4 चा आकडा आणि ते उलटे सॉकेट तेव्हाच हातात आले असते.

---

नकाशा

एक जोड द्यायची आहे. आता भिंत उघडीच आहे तर प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर दिसेल असा, आणि त्यावरून पाईप कुठून कुठे गेलाय त्याचं साधं चित्र काढून डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. पुढे कोणी खिळा ठोकेल किंवा दुरुस्ती काढेल त्याला उपयोग होईल. घर विकाल तेव्हा तेही सोबत द्या.

---

उघडी_भिंत

हे करतो आहे, अर्ध्या खोल्यांचं झालंय.

काल समितीची बैठक झाली. आधी लोक ऐकायला तयार नव्हते, इतकी वर्षं काही झालं नाही तर आता काय होणार वगैरे. मी जळकी टेप आणि त्या जॉइंटचा तुकडा पिशवीतून नेला होता, तो टेबलावर ठेवला आणि पलंगाची गोष्ट सांगितली, मग कोणी काही बोललं नाही. मीटर रूमचं काम रविवारी सकाळी सप्लाय बंद करून होणार, वीज कंपनीचा माणूस येतोय. शाफ्टच्या भोकांसाठी अग्निशमन विभागाला पत्र गेलं. 28 पैकी 19 फ्लॅटवाल्यांनी तपासणीला होकार दिलाय, बाकीच्यांकडे मी एकेक करून जाणार आहे.

आमच्या घरी नवीन पाईप आणि वायरी टाकून झाल्यात, जॉइंट एकही नाही, सगळ्या लाईन डीबीपासून सलग. गिलावेवाला सोमवारपासून फोन करतोय. नगरपालिकेत लेखी अर्ज दिलाय की बुजवायच्या आधी येऊन बघा, तिथल्या बाईंनी आधी सांगितलं की दुरुस्तीला असं काही लागत नाही, मग अर्ज वाचून म्हणाल्या गुरुवारी पाठवते कोणाला तरी. तोपर्यंत भिंत तशीच ठेवलीय, आम्ही सगळे हॉलमध्ये झोपतो.